खोऱ्यातील धुरके आणि तपमानाचे भाकीत

अमेरिकेतील युटा राज्याची राजधानी सॉल्ट लेक सिटी. तेथील शाळांपुढे हिवाळ्यात एक प्रश्न वारंवार उभा राहतो : मधल्या सुट्टीत मुलांना मैदानावर सोडावयाचे की वर्गातच बसवावयाचे? प्रश्न थंडीचा नसतो. बर्फात खेळण्याची सवय त्या मुलांना लहानपणापासूनच असते. प्रश्न हवेचा असतो. हवेतील सूक्ष्मकणांचे प्रमाण ठराविक पातळीवर गेले, की प्रथम दम्याचा विकार असलेल्या मुलांना आणि पुढे सर्वच मुलांना आत ठेवावे, अशी मार्गदर्शक सूचना तेथील आरोग्य खात्याने शाळांना दिलेली आहे. राज्याचा हवा-गुणवत्ता विभाग हवेचे भाकीत आगाऊ प्रसिद्ध करतो आणि त्यावरून घरोघरी लाकडाच्या शेगड्या पेटवावयाच्या की नाही, हे ठरते. आता, मोटारींची संख्या काही एका आठवड्यात दुप्पट होत नाही. कारखान्यांची धुरांडी सोमवारी असतात तेवढीच गुरुवारीही असतात. मग सोमवारची निर्मळ हवा गुरुवारपर्यंत श्वास कोंडणारी कशी होते? आणि ती तशी होणार, हे सोमवारीच सांगता येते काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे हवेच्या थराथरांतील तपमानात दडलेली आहेत.

सॉल्ट लेकचे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. पूर्वेस वॉसॅच पर्वत, पश्चिमेस ओकर डोंगर, दोन्हींची शिखरे तीन हजार मीटरांहून उंच. दक्षिणेस एक ठेंगणी डोंगररांग आणि वायव्येस खाऱ्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर. एखाद्या खोलगट परातीत शहर वसवावे, तसा हा प्रकार आहे. उंचीबरोबर हवा थंड होत जाते, दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने, हे शाळेच्या भूगोलात शिकविले जाते. आणि काही परिस्थितीत हा क्रम उलटतो, त्याला तपमानाची विपरीतता म्हणतात, हेही त्याच धड्यात असते. परीक्षेपुरते पाठ करून सोडून दिलेले ते चार ओळींचे टिपण या खोऱ्यात दहा-बारा लाख लोकांच्या फुप्फुसांशी जाऊन भिडते. हिवाळ्याच्या लांब रात्री जमीन उष्णता गमावते, तिला लागून असलेली हवा गारठते, डोंगरउतारांवरची थंड आणि म्हणून जड हवा ओघळून तळाशी साचते. वर मात्र उबदार हवेचा थर असतो. जड हवा खाली, हलकी वर. अशा रचनेत उलथापालथ होण्याचे कारणच उरत नाही. झाकण बसते. त्याखाली मोटारींचा, भट्ट्यांचा, शेगड्यांचा धूर रोजच्या रोज जमा होत राहतो.

ही घटना जगात सर्वत्र घडते. सपाट प्रदेशात सकाळी सूर्य वर आला, की दोन-चार तासांत हे झाकण वितळते. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात मात्र ते पाच-पाच, दहा-दहा दिवस टिकते. वाऱ्याला शिरावयास वाट नसते आणि थंड हवेला बाहेर पडावयास उतार नसतो. हवामानशास्त्रज्ञांनी यासाठी जे माप वापरले आहे, ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचे वाटावे : खोऱ्याची उष्णतेची तूट. डोंगरमाथ्याच्या पातळीपर्यंतची सगळी हवा ढवळून निघावी, यासाठी खोऱ्याला आणखी किती उष्णता मिळावयास हवी, याचा तो हिशेब आहे. दिवसा सूर्य जमा करतो, रात्र खर्च करते. जानेवारीत जमा तोकडी आणि खर्च अवाढव्य. तूट वाढत जाते आणि तिच्याबरोबर हवेतील कणही वाढत जातात.

हा हिशेब एका साध्या उदाहरणाने मांडता येतो. कोरडी हवा वर चढू लागली, की दर हजार मीटरला सुमारे दहा अंशांनी थंड होते. समजा, खोऱ्याच्या तळापासून हजार मीटर उंचीवरची हवा ४ अंशांवर आहे. तळाची हवा त्या उंचीपर्यंत चढून धूर बाहेर फेकू शकेल, यासाठी तळाचे तपमान १४ अंशांपर्यंत जावयास हवे. सॉल्ट लेक सिटीत जानेवारीतील दुपारचे सरासरी कमाल तपमान जेमतेम ३ अंश असते. म्हणजे सूर्याच्या जोरावर हे झाकण उघडण्याची आशाच करावयास नको. आता समजा, वायव्येकडून वादळी थंड हवेचा लोट आला आणि त्या उंचीवरचे तपमान उणे ७ अंशांवर उतरले. तळाच्या ३ अंशांना तेवढे पुरते. हवा उसळते आणि एका दुपारी आकाश निळे होते. खालच्या माणसाला वाटते, आज थंडी वाढली म्हणून हवा स्वच्छ झाली. त्याच्या अंगाला लागणारी थंडी मात्र होती तेवढीच राहिलेली असते. थंडी वाढली ती त्याच्या डोक्यावर, एक किलोमीटर उंचीवर.

भाकिताची सगळी अडचण येथेच आहे. तो थंड लोट उणे ७ ऐवजी उणे ३ अंशांचा निघाला, तर हिशेब चुकतो. सामान्य हवामानवृत्तात चार अंशांची चूक फार मोठी मानली जात नाही. कोणी स्वेटर जास्त घालून निघाला, एवढाच तिचा परिणाम. खोऱ्यात मात्र त्याच चुकीमुळे तळाचा थंड थर जागचा हलत नाही आणि ‘उद्या हवा स्वच्छ’ असे छापून आलेल्या दिवशी शहर धुरक्यात जागे होते. उलट बाजूने, वरच्या थरात उबदार हवा अपेक्षेहून एक दिवस आधी पोहोचली, तर झाकण एक दिवस आधी बसते आणि धूर साचण्यास एक दिवस अधिक मिळतो.

खोऱ्याच्या हवेत बलून सोडून वरची तपमाने मोजण्याची सोय सॉल्ट लेकला आहे, परंतु ती दिवसातून दोनदा, पहाटे आणि सायंकाळी. मधल्या काळाचा अंदाज संगणकाने करावयाचा. हवेची गणिते करणारी संगणक-प्रारूपे भूप्रदेशाचे चौकोन पाडतात. चौकोन बारा किलोमीटरांचा असेल, तर खोऱ्याच्या रुंदीत असे दोन-तीनच मावतात. डोंगर बुटके होतात, परात उथळ होते आणि कागदावरचा वारा तिच्यातील थंड हवा सहज वाहून नेतो. चौकोन लहान केले तरी सर्व प्रश्न सुटत नाहीत. अत्यंत स्थिर हवेत मिसळण किती होते, याची सूत्रेच कच्ची आहेत. प्रारूपे बहुधा जास्त मिसळण दाखवितात आणि झाकण लवकर उघडल्याचे सांगतात. म्हणूनच १ डिसेंबर २०१० ते ७ फेब्रुवारी २०११ या काळात युटा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खोऱ्यात उपकरणांचे जाळे विणून साचलेल्या थंड हवेचा जन्म आणि मृत्यू तपासला. या थरांचा शेवट पाठ्यपुस्तकातल्यासारखा सरळ क्वचितच होतो, हे अशा पाहण्यांतून दिसून आले आहे. वादळाआधीचा दक्षिणेचा जोरदार वारा थराचा माथा कुरतडतो, पण स्वतः उबदार असल्याने झाकणही घट्ट करतो. थंड हवा सरोवराच्या बाजूला ढकलली जाते आणि वारा पडताच परत शहरावर पसरते. सुटका झाली म्हणून शाळेने मैदान उघडावे आणि तासाभरात हवा पुन्हा गढूळ व्हावी, असे यातून घडू शकते.

तपमान येथे आणखी एका वाटेने शिरते. सॉल्ट लेकच्या धुरक्यातील सूक्ष्मकणांचा मोठा भाग थेट धुरांड्यातून निघालेला नसतो. तो हवेतच तयार झालेला अमोनियम नायट्रेट असतो. मोटारींतून आणि भट्ट्यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात, त्यांपासून नायट्रिक आम्ल होते, गोठे व शेती यांतून आलेल्या अमोनियाशी ते संयोग पावते आणि क्षाराचे कण तयार होतात. हवा थंड व दमट असेल तर हा क्षार कणरूपाने टिकतो. उबदार झाली तर पुन्हा वायुरूप होतो. म्हणजे धुराचे प्रमाण तेच असूनही, तपमान काही अंशांनी चढले वा उतरले, तर श्वासाबरोबर आत जाणाऱ्या कणांचा आकडा बदलतो. झाकणाची उंची बरोबर सांगितली आणि झाकणाखालचे तपमान चुकले, तरीही भाकीत फसते.

आणि बर्फाचे काय? नुकताच पडलेला बर्फ आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा चार-पंचमांश किंवा त्याहूनही अधिक भाग परत पाठवितो. तुटीच्या हिशेबातील जमेची बाजूच त्यामुळे कोरडी पडते. युटाच्याच पूर्व भागातील युइंटा खोऱ्यात याचे चमत्कारिक उदाहरण मिळाले. तेथे शहर नाही म्हटले तरी चालेल; तेलाच्या आणि नैसर्गिक वायूच्या विहिरी आहेत. ओझोनचे प्रदूषण हा सर्वत्र उन्हाळ्याचा विकार मानला जातो. येथे तो भर हिवाळ्यात आढळला. २०१२ च्या हिवाळ्यात शास्त्रज्ञ उपकरणे घेऊन दाखल झाले, आणि त्या वर्षी बर्फच पडला नाही. विहिरी चालू होत्या, वायू गळत होते, ओझोन मात्र वाढला नाही. पुढील वर्षी बर्फ पडला आणि त्याबरोबर ओझोन मर्यादेबाहेर गेला. बर्फाने जमीन थंड ठेवून झाकण बसविले, आणि प्रकाश परतवून ओझोनच्या रसायनाला दुहेरी ऊन पुरविले. बर्फ किती आणि कोठवर पसरला आहे, हे प्रारूपाला चुकीचे सांगितले, तर पुढचे सगळे गणित व्यर्थ ठरते.

हे ज्ञान ज्या काळी नव्हते, त्या काळाची किंमत नोंदलेली आहे. डिसेंबर १९३० मध्ये बेल्जियममधील म्यूझ नदीच्या खोऱ्यात कारखान्यांचा धूर धुक्यात अडकून काही दिवसांत साठांहून अधिक माणसे दगावली. ऑक्टोबर १९४८ च्या अखेरीस अमेरिकेतील डोनोरा या गावी, मोनोंगहेला नदीच्या डोंगरवेढ्यात, जस्ताच्या व पोलादाच्या कारखान्यांचा धूर असाच कोंडला. चौदा हजार वस्तीतील सुमारे सहा हजार माणसे आजारी पडली, वीस मेली. जस्ताच्या भट्ट्या रविवारी, ३१ तारखेला सकाळी थंडावल्या आणि त्याच दिवशी पाऊस येऊन हवा मोकळी झाली. कंपनीने या प्रकाराला निसर्गाचा कोप म्हटले आणि दोष मान्य न करता पुढे दाव्यांची तडजोड केली. वरवर पाहता कंपनीच्या म्हणण्यात तथ्य होते. झाकण निसर्गानेच बसविले होते. परंतु झाकण बसविणारा तो आणि भांड्यात धूर भरणारा दुसरा, हा भेद त्या युक्तिवादात सोयीस्करपणे गाळला गेला. भाकिताची विद्या आज कितीतरी पुढे गेली असली, तरी हा भेद गाळण्याचा मोह संपलेला नाही.

हवेचे भाकीत ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने ऐकले म्हणून दुसऱ्यासाठी ते कमी होत नाही. परंतु त्यावर बेतलेल्या निर्बंधांचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. धुरके येणार नाही असे सांगितले आणि ते आले, तर त्याची किंमत दमेकरी मुले आणि वृद्ध मोजतात. ती कोणाच्या खतावणीत दिसत नाही. येणार असे सांगितले आणि आले नाही, तर शेगडी न पेटविलेल्या कुटुंबाची कुरकुर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते. लाकूड हेच ज्यांचे उष्णतेचे एकमेव साधन आहे, त्यांना नोंदणी करून सूट मिळण्याची तरतूद युटात आहे, ही समंजस गोष्ट होय. तरीही ‘लांडगा आला रे आला’ असे दोन-तीनदा झाले, की चौथ्या वेळी लोक ऐकत नाहीत. मोटार कमी वापरा, या विनंतीची गत तर याहून वाईट. आपली एक मोटार घरी राहिल्याने खोऱ्याची हवा सुधारणार नाही, हे प्रत्येकाला कळते, आणि प्रत्येकाला कळत असल्यानेच एकही मोटार घरी राहत नाही. सॉल्ट लेकच्या रस्त्यांवरील वाहतुकीचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. इशाऱ्याच्या दिवशी वाहतूक घटली नाही, असे त्यात आढळले. शहराच्या कडेला आणि डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ती उलट वाढलेली होती. वरच्या थरात ऊन आहे, हवा स्वच्छ आहे, हे भाकितावरूनच लोकांना समजत होते. ज्यांच्यापाशी सवड आणि मोटार होती, ते धूर सोडीत झाकणाच्या वर निघून गेले. आगाऊ मिळालेल्या माहितीचा हा उपयोग भाकीत करणाऱ्यांच्या मनात खासच नसावा.

भाकिताकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, याचा निर्णायक पुरावा या खोऱ्याच्या शेजारीच मिळाला होता, आणि तो मिळवून दिला एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने. सॉल्ट लेकच्या दक्षिणेस युटा खोरे आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेला जिनेव्हा हा पोलादाचा मोठा कारखाना होता. ऑगस्ट १९८६ मध्ये तो कामगारांशी झालेल्या तंट्यात बंद पडला आणि सप्टेंबर १९८७ मध्ये नव्या मालकाच्या हाती पुन्हा सुरू झाला. मध्ये एक पूर्ण हिवाळा गेला. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील आर्डेन पोप यांनी खोऱ्यातील रुग्णालयांच्या नोंदी काढून पाहिल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत न्यूमोनिया, ब्राँकायटिस, दमा यांसारख्या श्वसनविकारांसाठी दाखल झालेल्या मुलांची संख्या बंद असलेल्या हिवाळ्याच्या दुपटी-तिपटीने अधिक होती. हवेतील कणांचे प्रमाणही चालू हिवाळ्यांत जवळजवळ दुप्पट. हा निबंध १९८९ साली प्रसिद्ध झाला.

त्यातील एका नोंदीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. कारखाना बंद होता त्या हिवाळ्यात हवा विशेष वाहती होती, म्हणून कण कमी झाले, असा आक्षेप कोणीही घेतला असता. वस्तुस्थिती उलट होती. त्या हिवाळ्यात खोऱ्यातील हवा तुलनेने अधिक कोंडलेली होती. झाकण होते, घट्ट होते. खाली कोंडण्याजोगे काही नव्हते. तपमानाचे अत्यंत अचूक भाकीतही त्या हिवाळ्यात मुलांना यापेक्षा जास्त काही देऊ शकले नसते. आणि कारखाना बंद झाला, तो मुलांच्या प्रकृतीची चिंता वाटली म्हणून नव्हे. मालक व कामगार यांच्यातील वेतनाच्या तंट्याने शास्त्राला एक प्रयोग फुकटात करून दिला. पोप यांनी पुढे इतरांसह केलेल्या व्यापक अभ्यासांचा १९९७ साली अमेरिकेने सूक्ष्मकणांसाठी स्वतंत्र मर्यादा ठरविण्यात मोठा वाटा होता. २००६ पासून तेथील चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ३५ मायक्रोग्रॅम आहे. भारताची, २००९ ची, ६० आहे.

भारतात भाकितावर निर्बंध बेतण्याची पद्धत दिल्लीत रुजली आहे. दिल्ली डोंगरांच्या परातीत नाही, पण हिवाळ्यातील विपरीततेचा आणि मंद वाऱ्याचा जाच तिलाही आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली पूर्वसूचना-पद्धती तेथे २०१८ पासून वापरात आली, आणि २०२२ पासून आकडा चढण्याची वाट न पाहता तीन दिवस आधीच्या भाकितावरून टप्प्याटप्प्याने बंदी लागू करता येईल, अशी तरतूद झाली. सुधारणा योग्य आहे. तिचा भार मात्र बांधकामावरच्या मजुराला सर्वांत आधी जाणवतो. काम थांबले की त्याची रोजी थांबते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मजुरांना उपकराच्या निधीतून निर्वाहभत्ता देण्यास सांगितले, तेव्हा हा खर्च प्रथमच हिशेबात आला, असे म्हणावयास हरकत नाही.

ज्या संस्थेने दिल्लीसाठी ही व्यवस्था उभी केली, तिचे स्वतःचे शहर मात्र डोंगरांच्या कुशीत आहे. डिसेंबरच्या पहाटे सिंहगड चढणाऱ्यांना पुण्यावर पसरलेला करडा थर डोळ्यांनी दिसतो. त्याचा वरचा काठ रेघ ओढावी तसा सरळ असतो. सॉल्ट लेकपेक्षा पुणे एका बाबतीत भाग्यवान आहे. येथे बर्फ नाही, आणि जानेवारीतही दुपारचे तपमान तिशीच्या आसपास जात असल्याने उष्णतेची तूट रोज भरून निघते. झाकण रोज उघडते. त्यामुळे चोवीस तासांची सरासरी काढली, की दुपारची मोकळी हवा पहाटेच्या कोंडलेल्या हवेला झाकून टाकते. सरासरी मध्यम आली तरी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, थर अजून जमिनीलगत आणि वाहनांची गर्दी सुरू झालेली असताना, हवा सरासरीहून पुष्कळ वाईट असू शकते. सकाळच्या सत्राच्या शाळा नेमक्या त्याच वेळी भरतात, प्रार्थना मैदानावर होते आणि कवायतीचा तास बहुधा पहिला असतो. पुण्यासारख्या शहराला दिवसाच्या सरासरीपेक्षा तासातासाचे भाकीत अधिक उपयोगी पडेल. त्या दिवशी थर किती वाजता उठेल, एवढे मुख्याध्यापकाला आदल्या सायंकाळी कळले, तरी कवायतीचा तास शेवटी घेता येईल. त्यासाठी शहरावर पाचशे-हजार मीटर उंचीपर्यंतचे तपमान पहाटेपासून दर तासाला मोजावे लागेल. रस्त्याच्या कडेला बसविलेल्या धूळमापकांची संख्या कितीही वाढविली, तरी ते काम त्यांच्याकडून होणार नाही.